रोमचे ऐश्वर्य आणि बेथलेहेमची धर्मशाळा

नाताळ हा शब्द मराठीत आला तो पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर. पोर्तुगीज भाषेत तो 'नताल'. त्याच्याही मागे लॅटिन भाषेतील 'नातालिस', म्हणजे जन्मासंबंधीचा. लॅटिनमधील 'नातुस' आणि संस्कृतातील 'जात' ही दोन्ही रूपे भाषाशास्त्रज्ञ एकाच मूळ धातूची अपत्ये मानतात. तेव्हा ज्या शब्दाला आपण परका समजतो तो आपल्या 'जन्म' शब्दाचा दूरचा भाऊबंदच होय. रोम नगरीत २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून पाळला जाई, याचा जुना लेखी पुरावा इ.स. ३५४ मधील एका रोमन पंचांगात सापडतो. आणि ज्या गावी हा जन्म झाला असे ख्रिस्ती धर्मग्रंथ सांगतो, त्या बेथलेहेम या नावाचा हिब्रू भाषेतील अर्थ 'भाकरीचे घर' असा आहे.

त्या पंचांगाच्या काळातच रोममध्ये एक कुलीन कन्या लहानाची मोठी होत होती. तिचे नाव पौला. पुढे तिने रोमचा वाडा सोडला आणि त्या भाकरीच्या घराजवळ येऊन वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधली. ऐहिक वैभव हाताशी असताना त्यात मन का रमत नाही, आणि जे टिकते ते कोठे शोधावे, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मातील अनेकांना त्या शतकात पडला. पौलेचे चरित्र हे त्या प्रश्नाचे सर्वांत हृद्य, आणि खरे सांगावयाचे तर सर्वांत अवघड, उत्तर आहे. नाताळनिमित्त तेच आख्यान भाविक वाचकांपुढे ठेवीत आहे.

उपदेशकाचा शब्द

आख्यानाआधी थोडे निरूपण हवे. बायबलच्या जुन्या करारात बारा अध्यायांचा एक छोटा ग्रंथ आहे. मराठी बायबलात त्याचे नाव 'उपदेशक'. मूळ हिब्रू नाव 'कोहेलेथ', आणि त्याचा संबंध 'काहाल' म्हणजे सभा या शब्दाशी आहे. सभेपुढे उभा राहून बोलणारा तो कोहेलेथ. आम्हा कीर्तनकारांना हे नाव ऐकताच जवळचे वाटावे यात नवल नाही.

हा वक्ता स्वतःला यरुशलेमचा राजा म्हणवितो. परंपरेने ते बोल शलमोन राजाचे मानले. आधुनिक विद्वान ग्रंथ बराच उत्तरकालीन ठरवितात. ते कसेही असो. राजाने काय केले, तर सुखाची रीतसर परीक्षा घेतली. वाडे उठविले, द्राक्षमळे आणि बागा लावल्या, पाण्याचे तलाव खोदले, सोनेरुपे साठविले, गायक-गायिका पदरी ठेवल्या. मनाने मागितले ते मनाला नाकारले नाही. अखेरीस हिशेब मांडला तेव्हा जमेच्या बाजूला काही दिसेना. हे सारे काय आहे, हे सांगण्यासाठी त्याने एकच शब्द वापरला. तो शब्द 'हेबेल'. एवढ्याशा ग्रंथात तो ३८ वेळा येतो.

हेबेलचा मूळ अर्थ वाफ किंवा उच्छ्वास. थंडीच्या पहाटे तोंडातून निघालेली वाफ डोळ्यांना दिसते, हात पुढे केला तर हाती लागत नाही. ती खोटी आहे असे म्हणता येत नाही, कारण ती प्रत्यक्ष दिसली; खरी म्हणावी तर दुसऱ्या क्षणी ती नाही. लॅटिन भाषांतरात या शब्दासाठी 'वानितास' म्हणजे रिक्तपणा, पोकळपणा हा शब्द रूढ झाला आणि त्याला निषेधाची धार आली. मूळ शब्दात निषेधापेक्षा विषाद अधिक आहे. म्हणूनच हा उपदेशक अन्नपाणी आणि कष्टाचे फळ यांना तुच्छ लेखीत नाही. ती ईश्वराची देणगी समजून आनंदाने घ्या, पण त्यांच्यावर आयुष्याचा पाया रचू नका, असा त्याचा आशय आहे. नित्य काय आणि अनित्य काय याचा विवेक आपल्या वाचकांना नवा नाही. धनाने भरलेली पृथ्वी मिळाली तरी तिने मी अमर होईन काय, हे मैत्रेयीने याज्ञवल्क्यांना विचारले होते. प्रश्न एका देशाचा नाही, हे ध्यानात येण्यासाठी एवढे स्मरण पुरे.

ही व्युत्पत्ती सांगण्याचे कारण आहे. उपदेशकाच्या या ग्रंथावर भाष्य लिहिणारा पंडित आणि आपल्या आख्यानाची नायिका यांची गाठ याच ग्रंथाने घट्ट केली.

पंडित आणि राजस्त्री

त्या पंडिताचे नाव जेरोम. डाल्मेशियाच्या सीमेवरील स्त्रिदोन गावी त्याचा जन्म झाला. रोममध्ये डोनाटस नावाच्या विख्यात वैयाकरणाजवळ त्याचे अध्ययन झाले. पुढे तो सीरियातील खाल्किसच्या वाळवंटात तप करावयास गेला. घरदार सुटले, पक्वान्ने सुटली, पण ग्रंथसंग्रह सुटेना. त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की, आजारात त्याला एक स्वप्न पडले. न्यायासनापुढे त्याला उभे केले, तू कोण असे विचारले. ख्रिस्ती असे उत्तर देताच न्यायाधीशाने ते अमान्य केले आणि तू तर सिसेरोचा भक्त आहेस, असे बजाविले. सिसेरो हा लॅटिन गद्याचा सम्राट. विद्येचा अभिमानही त्या वाफेचाच एक प्रकार असू शकतो, हे ज्यांनी पोथ्यांवर आयुष्य घालविले त्यांनी या स्वप्नावरून ओळखावे. मन आवरावे म्हणून जेरोम वाळवंटातच हिब्रू शिकू लागला. घशातून घर्षणाने उमटणारे ते वर्ण त्याला जड गेले. मात्र त्या कडू बीजाला पुढे फार मोठे फळ आले.

इ.स. ३८२ मध्ये जेरोम रोमला परतला आणि पोप दमासस यांच्या सेवेत राहिला. त्या वेळी आव्हेंटाइन टेकडीवरील वाड्यात मार्सेला नावाच्या विधवा सरदारपत्नीभोवती काही थोर घराण्यांतील स्त्रियांचा मेळा जमला होता. त्या रेशीम सोडून साध्या वस्त्रात राहत, स्तोत्रे गात, धर्मग्रंथ वाचीत आणि शंका विचारीत. जेरोम त्यांचा शिक्षक झाला. त्या मेळ्यात पौला होती.

पौलेचे कुल रोमच्या प्राचीन वीरांशी नाते सांगणारे. जन्म इ.स. ३४७ चा. पती टॉक्सोटियस, चार मुली आणि एक मुलगा. बत्तिशीच्या सुमारास तिला वैधव्य आले. जेरोम सांगतो की, दुःखाने ती मरणाच्या दारापर्यंत गेली, आणि सावरली ती निराळीच होऊन. पालखीतून फिरणारी ही स्त्री गोरगरिबांच्या आजाऱ्यांचा शोध घेत गल्लोगल्ली हिंडू लागली. मुलांच्या वाट्याचे धन दान करतेस, असे नातलगांनी बोलून दाखविले, तेव्हा त्याहून मोठा वारसा, म्हणजे ख्रिस्ताची कृपा, मी त्यांना ठेवीत आहे, असे तिचे उत्तर असे.

ब्लेसिल्लेचा मृत्यू

थोरली मुलगी ब्लेसिल्ला लग्नानंतर सातव्या महिन्यात विधवा झाली. वयाने विशीची, बुद्धीने तल्लख. आरशापुढे केसांची रचना करण्यात तिचा दिवस जाई. पुढे तिला मोठा ताप आला, आणि त्यातून उठल्यावर तिने आईची वाट धरली. जेरोम तिला उपदेशकाचा ग्रंथ वाचून दाखवी, जगाचा मोह सुटावा हा हेतू. ग्रंथ अवघड वाटला म्हणून तिने त्याच्यावर एक छोटे भाष्य मागितले. भाष्य लिहिले जाण्यापूर्वीच, इ.स. ३८४ मध्ये, ती गेली.

अंत्ययात्रेत पौला मूर्च्छित पडली. रोमचे लोक खवळले. उपासांनी पोरीचा जीव घेतला, या संन्याशांना शहराबाहेर हाकला, धोंडे मारा, टायबर नदीत बुडवा, अशी कुजबूज गर्दीत चालली होती. हे वृत्त विरोधकाने लिहिलेले नाही. जेरोमच्याच पत्रात ते आहे. त्याच पत्रात त्याने पौलेला अतिशोकाबद्दल कठोर बोल लावले आहेत. ते पत्र आज वाचताना अंगावर काटा येतो. मुलीच्या चितेची राख निवली नाही तोच मातेला असे लिहावे काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे श्मशानवैराग्य म्हणतात. ते घाटावर उपजते आणि घरी पोचेपर्यंत विरते. येथे उलट घडले. लेकीच्या मरणाने पौलेचे वैराग्य मावळले नाही, ते अधिक खोल गेले. मात्र त्या वैराग्याची किंमत किती होती आणि ती कोणी मोजली, हे विसरून त्याची आरती ओवाळणे योग्य नव्हे.

किनाऱ्यावरचे हात

दमाससच्या निधनानंतर रोममध्ये जेरोमला आश्रय उरला नाही. पौला आणि तो यांच्याविषयी लोकापवाद उठला. इ.स. ३८५ मध्ये त्याने रोम सोडले, आणि त्याच वर्षी पौलाही निघाली. बरोबर होती तिची तिसरी मुलगी, कुमारी युस्टोकियम.

बंदरावर भाऊ, आप्त आणि मुले पोचवावयास आली होती. शिडे उभारली, वल्ही पडली, गलबत हलले. लहानगा टॉक्सोटियस काठावर हात पसरून उभा होता. रुफिना उपवर झाली होती. माझे लग्न होईपर्यंत तरी थांब, ही विनवणी ती शब्दांनी नव्हे, आसवांनी करीत होती. गलबतातील इतर सारे किनाऱ्याकडे पाहत होते. पौलेने मात्र तोंड फिरविले होते, कारण पाहिले असते तर ती जाऊ शकली नसती. जेरोम स्पष्ट लिहितो की, लेकरांवर तिच्याहून अधिक माया करणारी माता त्याला ठाऊक नव्हती. निघण्यापूर्वी तिने आपली मालमत्ता मुलांच्या नावे केली होती. मालमत्ता म्हणजे आई नव्हे, हे त्या पसरलेल्या हातांना ठाऊक असणारच. रुफिना पुढे अल्पवयात वारली.

गृहस्थाश्रमी वाचक या ठिकाणी अडखळेल, आणि त्याने अडखळावेच. परमार्थासाठी प्रपंच असा अर्ध्यावर टाकणे धर्म होय काय? आळंदीच्या विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थ झाले, आणि त्या साऱ्याची झळ त्यांच्या चार लेकरांनी सोसली, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. ख्रिस्ती समाजातही या प्रश्नाचे एकमुखी उत्तर कधी नव्हते. मार्सेलेने तोच वसा घेतला, पण ती रोममध्येच राहिली. जावई पाम्माकियस पत्नी पौलिना वारल्यावर विरक्त झाला. तरी त्याने सिनेटमधील आपले आसन सोडले नाही, जांभळ्या काठाच्या सरदारी वस्त्रांत तो संन्याशाच्या काळपट वस्त्रात जाऊन बसे. फाबिओला नावाच्या श्रीमंत स्त्रीने तर रोममध्येच रुग्णालय उघडले, आणि ज्यांच्या जखमांकडे लोक पाहावयास धजत नसत अशा रोग्यांना ती स्वतः उचलून आणी. वाटा निरनिराळ्या होत्या. पौलेच्या वाटेचे मोल ठरवावयाचे तर ती कोठे पोचली हे पाहिले पाहिजे.

भाकरीच्या घरी

सायप्रस, अंत्युखिया या मार्गाने, ऐन हिवाळ्यात, गाढवावर बसून पौला निघाली. पॅलेस्टाइनच्या राज्यपालाने तिच्यासाठी राजवाडा सिद्ध ठेवला होता. तिने एक साधी खोली पसंत केली. पवित्र स्थळे पाहिली, इजिप्तच्या नित्रिया वाळवंटातील तपस्व्यांचे दर्शन घेतले, आणि परत येऊन ती बेथलेहेमला स्थिरावली. तीन वर्षे ती एका लहानशा बिऱ्हाडी राहिली. तेवढ्या काळात तिच्या द्रव्यातून पुरुषांसाठी एक मठ उभा राहिला, स्त्रियांसाठी निवास उभे राहिले, आणि रस्त्यालगत एक धर्मशाळा उभी राहिली. मरिया आणि योसेफ यांना या गावी उतरावयास जागा मिळाली नव्हती. यापुढे येथे कोणा वाटसरूवर ती पाळी येऊ नये, हा त्या धर्मशाळेचा हेतू होता. ख्रिस्तजन्माच्या कथेतील बंद दार तिने जणू चार शतकांनंतर उघडले.

मठातील दिनचर्या कडक होती. स्त्रियांचे तीन समूह होते. काम आणि भोजन वेगळे, पण स्तोत्रगायन व प्रार्थना एकत्र. पहाटे, दिवसाच्या तिसऱ्या, सहाव्या व नवव्या प्रहरगणनेला, सायंकाळी आणि मध्यरात्री स्तोत्रे म्हटली जात. स्तोत्रसंहितेतील सर्व स्तोत्रे प्रत्येकीला मुखोद्गत हवीत, असा नियम होता. सर्वांचे वस्त्र सारखे. सरदारकन्येला माहेरची दासी बरोबर ठेवता येत नसे. ज्या हातांनी रोममध्ये गडवाही उचलला नव्हता, ते हात येथे दिवे घाशीत होते, चूल पेटवीत होते, केर काढीत होते, डाळी निवडीत होते, उकळत्या पातेल्यात भाजी टाकीत होते. जेरोमने पाम्माकियसला लिहिलेल्या पत्रात ही सारी कामे कौतुकाने मोजली आहेत. ऐश्वर्यवतीला दान देणे तितके कठीण नाही. डाळ निवडणे कठीण.

याबरोबर विद्याही चालू होती. जी हिब्रू जेरोमला इतकी जड गेली, ती पौला अशी शिकली की स्तोत्रे मूळ भाषेत म्हणताना तिच्या उच्चारात लॅटिनची छटा येत नसे. मायलेकी प्रश्न विचारीत आणि पंडिताला उत्तर शोधावे लागे. जुन्या कराराचे हिब्रूवरून लॅटिन भाषांतर जेरोमने याच गावी केले. अनेक ग्रंथांच्या प्रस्तावना त्याने या दोघींना उद्देशून लिहिल्या आहेत. पुढे हजार वर्षांहून अधिक काळ पश्चिम युरोप जे बायबल वाचीत होता, त्याच्यामागे या दोन स्त्रियांचा आग्रह आणि आधार उभा आहे. आणि ब्लेसिल्लेने मागितलेले उपदेशकावरील ते भाष्य? तेही बेथलेहेममध्येच पुरे झाले आणि पौला व युस्टोकियम यांना अर्पण झाले. त्यात जेरोमने हेबेल शब्दाची चर्चा करताना तो वाफेचा अर्थ आवर्जून सांगितला आहे. मृत लेकीच्या प्रश्नाचे उत्तर आईच्या हाती आले, तेव्हा ती वाफ आणि भाकर यांतील भेद रोज स्वतःच्या हाताने शिकत होती.

एक गमतीचा प्रसंग सांगितला पाहिजे. पौला एकदा ज्वराने फार थकली. वैद्यांनी शक्तीसाठी थोडा द्राक्षरस घ्यावयास सांगितले, ती ऐकेना. तेव्हा जेरोमने वृद्ध बिशप एपिफानियस यांना गुपचूप तिची समजूत घालावयास आत पाठविले. थोड्या वेळाने ते बाहेर आले. काय झाले असे विचारता म्हाताऱ्याने कबूल केले की, माझ्याच मनात या वयात द्राक्षरस सोडावा असे तिने भरविले! जेरोमला ही गोष्ट सांगताना हसू आले असेल. पण ताकदीबाहेरचे व्रत त्याला पसंत नव्हते, हेही तो पुढे लिहितो.

कर्जाचा वारसा

दानाच्या बाबतीतही पौलेला माप ठाऊक नव्हते. पैसे संपले तेव्हा ती व्याजाने काढून देऊ लागली. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे काढी. जेरोमने तिला आवरून पाहिले. तिचे म्हणणे असे की, मी भीक मागितली तर मला देणारे पुष्कळ भेटतील. या भिकाऱ्याला मी दिले नाही आणि तो मेला, तर त्याचा जाब कोणाला द्यावा लागेल? मरताना आपल्याजवळ एक नाणे नसावे, आणि प्रेतावरचे वस्त्रही दुसऱ्याचे असावे, अशी तिची इच्छा होती.

ती इच्छा पुरी झाली. इ.स. ४०४ च्या २६ जानेवारीस पौला निवर्तली. तिचे आयुष्य ५६ वर्षे, ८ महिने आणि २१ दिवसांचे, अशी नोंद जेरोमने केली आहे. तिरडीला बिशपांनी खांदा दिला. ग्रीक, लॅटिन आणि सीरियाक अशा तीन भाषांत स्तोत्रे घुमली. गोरगरीब तिने दिलेली वस्त्रे हातांत उंच धरून रडत होते. ख्रिस्तजन्माच्या गुहेशेजारी तिला पुरले. युस्टोकियमला आईकडून काय मिळाले, तर फेडावयाचे मोठे कर्ज आणि पोसावयाची पुष्कळ माणसे. शोकाने खचलेल्या जेरोमला कितीतरी दिवस लेखणी धरवेना. अखेर दोन रात्रींत तोंडाने सांगून त्याने तिचे दीर्घ चरित्रपत्र लिहविले. वर दिलेला बहुतेक वृत्तांत त्या पत्रातील आहे.

रोम पडले तेव्हा

पौलेला जाऊन सहा वर्षे झाली, आणि जे कोणाच्या स्वप्नात नव्हते ते घडले. २४ ऑगस्ट ४१० या दिवशी अलारिकच्या गॉथ सैन्याने रोममध्ये प्रवेश केला. आठ शतके परक्या सैन्याच्या हाती न लागलेली नगरी तीन दिवस लुटली गेली. आव्हेंटाइनवरील मार्सेलेच्या घरात सैनिक घुसले. पुरलेले सोने दाखव म्हणून त्यांनी वृद्धेला मारहाण केली. तिच्याजवळ सोने कोठले! अंगावरील जाडेभरडे वस्त्र तिने पुढे केले. स्वतःच्या देहाची तिने पर्वा केली नाही. जवळची शिष्या प्रिंकिपिया हिला हात लागू नये, एवढेच ती विनवीत राहिली. दोघींना जवळच्या देवालयात आश्रय मिळाला. लवकरच मार्सेला वारली.

ही वार्ता बेथलेहेमला पोचली तेव्हा जेरोम यहेज्केल या ग्रंथावरील भाष्यात गुंतला होता. त्याची वाचाच बसली. आणि वार्तेमागून माणसे आली. काल ज्यांच्या दाराशी याचकांच्या रांगा असत असे स्त्रीपुरुष फाटक्या वस्त्रांत, अन्नाला मोताद होऊन, त्या रस्त्यालगतच्या धर्मशाळेच्या दाराशी उभे राहिले. भाष्याच्या प्रस्तावनेत जेरोमने लिहिले आहे की, आता धर्मग्रंथातील वचनांवर लिहिण्यापेक्षा ती कृतीत उतरविणे प्राप्त आहे. म्हणून दिवस आल्यागेल्यांच्या सेवेत जातो आणि लेखन रात्रीच्या चोरलेल्या घटकांत होते.

वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबावे. रोमच्या कितीतरी थोर घराण्यांनी आपले धन संगमरवरी वाड्यांत, दागिन्यांत, गुलामांत गुंतविले होते. त्यातील पुष्कळसे तीन दिवसांत लुटारूंच्या हाती गेले. पौलेने आपले धन एका आडगावच्या धर्मशाळेत घातले. तेव्हा तिला वेडी म्हणणारे थोडे नव्हते. संकटाच्या वेळी त्याच नगरीच्या लोकांना जो भाकरतुकडा मिळाला तो त्या वेडेपणातून मिळाला. उपदेशकाच्या बारा अध्यायांवर याहून चांगले भाष्य मला तरी ठाऊक नाही. जे स्वतःसाठी राखले ते वाफेसारखे गेले. जे भुकेल्यासाठी ठेवले ते, देणारी गेल्यावरही, जागेवर होते.

यावरून पौलेच्या वैराग्याची परीक्षा होते. तिने काय टाकले याची यादी कितीही मोठी असली, तरी तेवढ्याने ते वैराग्य मोठे ठरत नाही. टाकलेल्याच्या जागी तिने काय ठेवले, हे महत्त्वाचे. तिने पालखीच्या जागी डाळीचे सूप ठेवले, दासींच्या जागी स्वतःचे हात ठेवले, आणि कुलाच्या अभिमानाच्या जागी अनोळखी वाटसरू ठेवला. ख्रिस्ती साधकांनी शोधलेला टिकाऊ अर्थ तो हा. येशूचा जन्म गोठ्यात झाला असे मानणाऱ्या माणसाला देव शोधावयाचा तर तो आसऱ्यावाचून उभ्या असलेल्या माणसातच शोधावा लागतो, हे तिने ओळखले होते.

अक्षरांचे खेळणे

किनाऱ्यावर हात पसरून उभ्या राहिलेल्या मुलाचे काय झाले, हे वाचकांच्या मनात राहिले असेल. टॉक्सोटियस मोठा झाला. त्याची पत्नी लेटा ख्रिस्ती. लेटेचा पिता आल्बिनस मात्र रोमच्या जुन्या देवतांचा पुरोहित. बरेच दिवस अपत्य नव्हते. झाले तेव्हा मुलीचे नाव आजीवरून पौला ठेवले. या मुलीला कसे शिकवावे, असे लेटेने विचारले असता जेरोमने दिलेले पत्र शिक्षणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. लाकडी किंवा हस्तिदंती अक्षरे करून द्या, तिला त्यांच्याशी खेळू द्या. चुकली तर रागावू नका, जमले तर खाऊ द्या, आणि बरोबरीच्या मैत्रिणी असू द्या, असा त्याचा सल्ला. पुरोहित आजोबांच्या मांडीवर बसून नात ख्रिस्तस्तुतीचे बोबडे बोल बोलते, या चित्राने त्या पत्राचा आरंभ होतो. एका घरात दोन उपासना नांदत होत्या आणि मांडी सर्वांना एकच होती! पत्राच्या शेवटी तो कठोर वृद्ध पंडित लिहितो की, हे तुला रोममध्ये जमणार नसेल तर पोरीला आजीकडे पाठव. मी तिला खांद्यावर घेऊन फिरेन, तिच्याशी बोबडे बोलेन, आणि अलेक्झांडरला शिकविणाऱ्या अ‍ॅरिस्टॉटलपेक्षा मला अधिक अभिमान वाटेल.

ब्लेसिल्लेच्या मातेला कठोर बोल लावणारी लेखणी ती हीच. तिला एवढा ओलावा यावयास बेथलेहेमची कित्येक वर्षे लागली.

धाकटी पौला पुढे खरोखरीच बेथलेहेमला आली. युस्टोकियमच्या निधनानंतर मठाची धुरा तिच्याकडे गेली. ज्याला आईने किनाऱ्यावर सोडले होते, त्याच्याच मुलीने आईचे घर सांभाळले. यामुळे त्या दिवशीच्या आसवांचा हिशेब पुरा झाला, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याचा अधिकार फक्त त्या मुलाला होता, आणि त्याचे मनोगत कोणी लिहून ठेवलेले नाही. परंतु रुसव्याने दार लावून घेतलेल्या घरातून कन्या आजीच्या वाटेवर पाठविली जात नाही, एवढे समजण्यास शास्त्राची गरज नाही.

बेथलेहेमचे ख्रिस्तजन्म-मंदिर आजही उभे आहे. सध्याची वास्तू मुख्यतः सहाव्या शतकातील, इ.स. २०१२ मध्ये तिचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. तिचे प्रवेशद्वार इतके ठेंगणे आहे की, मोठ्या माणसाला वाकल्यावाचून आत जाता येत नाही. त्याला 'नम्रतेचे द्वार' म्हणतात. खाली जन्मगुहेशेजारच्या गुहांत जेरोम, पौला आणि युस्टोकियम यांच्या समाधींची परंपरागत स्थाने दाखवितात.

नाताळच्या दिवशी शेजारच्या ख्रिस्ती घरातून आपल्याकडे फराळाचे ताट येते, आपण दिवाळीत त्यांच्याकडे पाठवितो. त्या ताटाकडे पाहताना भाकरीच्या घराचे आणि तेथे डाळ निवडणाऱ्या त्या रोमन मातेचे स्मरण व्हावे. आपल्या दाराशी येणाऱ्या कोणाही थकल्या जिवाला परत जावे लागू नये, आणि जे टिकत नाही त्यावर आपले आयुष्य खर्ची पडू नये, हीच या पर्वकाळी सर्व घरांसाठी जगन्नियंत्याच्या चरणी प्रार्थना.